एक्स्प्लेन म्हणजे इस्कटून सांगणं

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीने हा प्रश्न विचारलाय. बी.ए. झाली आहे, आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, एक्स्प्लेन म्हणजे स्पष्ट करणे, हे मला पाठ आहे. तरी 'एक्स्प्लेन मी द रीजन' हे वाक्य चूक आलं. पेपरात एक्स्प्लेन म्हणा, जस्टिफाय म्हणा, डिस्कस म्हणा, माझं उत्तर सारखंच होतं आणि मार्क निम्मे पडतात. हा एक शब्द मला मुळापासून समजून घ्यायचाय." सोबत तिने स्वतः केलेली चार वाक्यं पाठवली आहेत. ती शेवटी तपासू.

मी पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवते, आधी लातूरला आणि आता अंबाजोगाईला. या एका क्रियापदावर मुलांचे जेवढे मार्क गेलेले पाहिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दावर गेले असतील. म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आजी रेणापूरकडची. शाळेत कधी गेली नाही. घरात कुणी घाईघाईत काही सांगायला लागलं की ती हातातलं काम थांबवून म्हणायची, "आरं, नीट इस्कटून सांग की." विस्कटून, म्हणजे पसरून, सुटं सुटं करून. एक्स्प्लेनला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. कोशातलं 'स्पष्ट करणे' चुकीचं नाही, पण त्यात कृती दिसत नाही. इस्कटून सांगण्यात हात हलताना दिसतो.

आणि इंग्रजी शब्दाच्या पोटातही हात हलण्याचीच गोष्ट आहे. एक्स्प्लेन आला लॅटिनमधल्या 'एक्स्प्लानारे' या क्रियापदावरून. त्यातल्या 'प्लानुस'चा अर्थ सपाट. सपाट करणं, समतल करणं हा मूळ अर्थ. इंग्रजीत मैदानाला, साध्या-सोप्या गोष्टीला जो 'प्लेन' शब्द आहे तोही याच घराण्यातला. तू शेतकऱ्याच्या घरची आहेस, तुला हे पुस्तकाशिवाय कळेल. उन्हाळी नांगरट झाली की काळ्या रानात डोक्याएवढी ढेकळं पडतात. त्या रानात पेरता येत नाही. मग ढेकळं फोडायची, वखराच्या पाळ्या घालायच्या, रान एकसारखं करायचं. एक्स्प्लेन करणं म्हणजे विषयातली ढेकळं फोडणं. पेरणी पुढची. समोरच्याने मान्य करावं, त्याला पटावं, त्याने माफ करावं, हे सगळं पुढचं. आधी रान सपाट.

जाता जाता एक सांगते. 'उलगडून सांगणे' हा आपला शब्दही इंग्रजीत आहे, पण तो एक्स्प्लेनच्या शेजारच्या घरात राहतो. लॅटिनमध्ये 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणं, आणि 'एक्स्प्लिकारे' म्हणजे घडी उलगडणं. त्यावरून एक्स्प्लिसिट आला, इनएक्स्प्लिकेबल आला. म्हणून 'ज्याचं कारण सांगता येत नाही असं' याला इंग्रजीत सहसा इनएक्स्प्लिकेबल म्हणतात. दोन वेगळी मुळं, एक ढेकळांचं आणि एक घडीचं, पण काम जवळपास तेच.

आता ते ढेकूळ डोक्यात ठेव, कारण तुझ्या वाक्यातली चूक त्याच्याशीच जोडलेली आहे. फोडायचं काय आहे? विषय, नियम, कारण. माणूस नव्हे. म्हणून एक्स्प्लेनच्या लगेच पुढे, कर्माच्या जागी, नेहमी ती गोष्ट येते. माणूस लागतो तो 'टू' घेऊन. 'एक्स्प्लेन द रूल टू मी.' 'शी एक्स्प्लेन्ड द फॉर्म टू माय मदर.' 'एक्स्प्लेन मी' म्हटलं की इंग्रजी कानाला असं वाटतं की तू स्वतःच कोडं आहेस आणि तुलाच फोडून सांगायचंय.

ही चूक आपल्याकडे का होते तेही बघ. मराठीत आपण म्हणतो 'मला सांग', 'मला समजाव', 'मला दाखव'. सगळीकडे 'मला'. इंग्रजीत 'टेल मी', 'शो मी', 'टीच मी' ही शाळेत आधी शिकवतात, तिथे माणूस क्रियापदाला चिकटून येतो. मग मूल सहज 'एक्स्प्लेन मी' म्हणतं. त्याची काही चूक नाही, त्याने नियम पुढे नेला. पण इंग्रजीत सांगण्या-देण्याच्या क्रियापदांचे दोन कळप आहेत. गिव्ह, टेल, शो, टीच, सेंड हे जुने, घरचे, छोटे शब्द माणसाला थेट घेतात. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, डेमॉन्स्ट्रेट हे लॅटिनकडून आलेले शब्द साधारणपणे घेत नाहीत. त्यांना 'टू' लागतो. 'सजेस्ट मी अ बुक' आणि 'डिस्क्राइब मी युअर व्हिलेज' ही वाक्यं याच कारणाने चुकतात. अपवाद आहेत. ऑफर आणि प्रॉमिस लॅटिनकडचे असूनही माणसाला थेट घेतात. तरी शंका आली तर हा ठोकताळा बहुतेक वेळा कामाला येतो. मुलांना मी एवढंच सांगते: त्या 'टू'ला आपल्या 'मला'मधला 'ला' समजा. 'टेल'च्या पोटात 'ला' आधीच आहे, 'एक्स्प्लेन'च्या पोटात नाही, तो तुम्हाला घालावा लागतो.

'टू मी' कुठे बसतं याचाही एक बारकावा आहे. गोष्ट छोटी असेल तर ती आधी, माणूस नंतर: 'एक्स्प्लेन धिस टू मी.' गोष्ट लांबलचक असेल, 'का', 'कसं', 'की'ने सुरू होणारं अख्खं वाक्य असेल, तर ती मागे जाते आणि माणूस मध्ये येतो: 'एक्स्प्लेन टू मी व्हाय द बस वॉज कॅन्सल्ड.' 'ही एक्स्प्लेन्ड टू द व्हिलेजर्स हाऊ द ड्रिप वर्क्स.' 'द डॉक्टर एक्स्प्लेन्ड दॅट द फीव्हर वुड गो इन थ्री डेज.' हे तीन साचे, व्हाय, हाऊ आणि दॅट, हात बसेपर्यंत लिही. बाकीचे त्यातूनच निघतात.

कर्मणी प्रयोगात हाच नियम उलट्या बाजूने चावतो. ऑफिसच्या इंग्रजीत 'आय वॉज एक्स्प्लेन्ड' सर्रास लिहिलं जातं. जी गोष्ट कर्म होती तीच कर्मणीत पुढे येणार: 'द प्रोसिजर वॉज एक्स्प्लेन्ड टू मी.' माणूस पुढे आणायचाच असेल तर क्रियापद बदल: 'आय वॉज टोल्ड अबाउट द प्रोसिजर.' आणि 'अबाउट'चं म्हणशील तर, बोलण्यात 'एक्स्प्लेन अबाउट' कधी कधी ऐकू येतं, पण पेपरात ते लिहू नकोस. ढेकूळ फोडतात, ढेकळाविषयी फोडत नाहीत.

माणूस थेट कर्म होतो अशी जागा एकच नेहमीची: 'एक्स्प्लेन युअरसेल्फ.' तिथे कोडं खरोखर तो माणूसच आहे. त्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही, म्हणून त्याने स्वतःला उलगडावं. वरिष्ठ रागाने म्हणाला तर 'तुमच्या वागण्याचा खुलासा करा' असा अर्थ. मैत्रीण म्हणाली तर 'तुला काय म्हणायचंय ते जरा नीट सांग.' सूर बघून अर्थ घ्यायचा.

आता अर्थाकडे येते. इथे खरा माल आहे.

पहिला अर्थ, माणसाने समजावून सांगणं, तो झाला. दुसरा अर्थ असा की माणूस बाजूला राहतो आणि एखादी वस्तू, घटना, परिस्थितीच दुसऱ्या गोष्टीचं कारण म्हणून उभी राहते. आपल्या भागातलं उदाहरण घेते, जे आम्ही विसरू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. पृथ्वीवर याहून मोठे भूकंप कितीतरी झाले, मग इथेच एवढी माणसं का गेली? घरं बघितली तर उत्तर मिळतं. दगड आणि मातीच्या रुंद भिंती, दगडाला दगड घट्ट बांधलेला नाही, वर माळवद, म्हणजे लाकडावर टाकलेला मातीचा जाड थर. भिंत फाकली की तो सगळा भार खाली. आणि वेळ पहाटेची, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं घरात झोपलेली. आता इंग्रजी वाक्य: 'द हेवी रूफ्स अँड द अर्ली अवर एक्स्प्लेन द लॉस ऑफ लाइफ.' कर्ता छप्पर आहे, वेळ आहे. छप्पर काही बोलत नाही, पण कारण तेच सांगतं. मराठीत आपण म्हणू, 'यावरून कळतं', 'याचं कारण यात आहे'. या अर्थी एक्स्प्लेन कधी 'इज एक्स्प्लेनिंग' होत नाही. ते काम चालू नाही, ते नातं आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ.

रोजच्या बोलण्यातलं 'दॅट एक्स्प्लेन्स इट' याच अर्थातून आलं. शेजारीण चार दिवस दिसली नाही, मग कळलं लेकीचं बाळंतपण होतं. आपण म्हणतो, "आस्सं होय! म्हणून तर." ते 'म्हणून तर' म्हणजे 'दॅट एक्स्प्लेन्स इट'. याचं भाषांतर 'ते हे स्पष्ट करते' असं कुणी केलं की मला वाईट वाटतं. जिवंत वाक्य मेलं.

तिसरा अर्थ 'एक्स्प्लेन अवे'. हिशेबात पैसे कमी आले, गाडीवर ओरखडा दिसला, आणि माणूस कारणं जोडून ती गोष्ट जणू नाहीच अशी करू पाहतो. आपल्याकडे याला सारवासारव म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघ. घराची जमीन उखणली की शेणाने सारवतात, वरून गुळगुळीत दिसतं, खाली खड्डा तसाच. एक्स्प्लेन ढेकूळ फोडतो, एक्स्प्लेन अवे त्यावरून हात फिरवतो. तेवढ्या 'अवे'ने अर्थ इतका पालटतो, म्हणून अशी जोडशब्दं वेगळी पाठ कर.

आता ज्या अडचणीमुळे तुझे मार्क जातात तिच्याकडे. ती इंग्रजीपेक्षा मराठीतून जास्त येते. मराठीत 'कारण' हा एक शब्द फार ओझी वाहतो. 'पाऊस का पडतो, कारण सांग' यात तो समजावणं आहे. 'उशीर का केलास, कारण सांग' यात तो जाब आहे. 'मला कारणं सांगू नकोस' यात तो बहाणा आहे. 'कारणे दाखवा नोटीस' यात तो बचाव आहे. इंग्रजीत या चार ठिकाणी चार वेगळे शब्द बसतात. समजावण्याला एक्स्प्लेन. मी केलं ते बरोबरच होतं, असं दाखवण्याला जस्टिफाय. मी केलं ते चूक होतं पण मला दोष देऊ नका, याला एक्स्क्यूज. आणि नोटिशीला 'शो कॉज'.

आपल्या मराठवाड्यात यात आणखी एक थर आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे 'सबब', 'खुलासा', 'तपशील' हे शब्द आमच्या तोंडी भाकरीसारखे आहेत. 'सबब' मुळात अरबी, अर्थ साधा: कारण. जुन्या कागदपत्रांत 'सबब अर्ज केला आहे' म्हणजे 'या कारणाने'. पण बोलण्यात 'सबबी सांगू नको' म्हटलं की तोच शब्द बहाणा झाला. 'खुलासा'चंही तसंच. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, अर्क. मराठीत तो स्पष्टीकरण झाला, आणि सरकारी दफ्तरात तर 'खुलासा सादर करा' म्हणजे जवळजवळ जाबच. इंग्रजीतही हेच घडतं. 'युअर एक्स्प्लेनेशन इज कॉल्ड फॉर' असं पत्र आलं की त्यात कुणालाही विषय समजून घ्यायचा नसतो, जबाब हवा असतो. शब्द तोच, पण तो कुणी कुणाला उच्चारला यावर अर्थ ठरतो.

याचा मला एकदा फार जवळून अनुभव आला. २०१६ ची गोष्ट. लातूरला पाणीच उरलं नव्हतं, पाण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मी सकाळी सातला जादा तास घ्यायचे. एक मुलगा आठवडाभर रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येत होता. शर्टाची एक बाही ओली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "एक्स्प्लेन!" तो म्हणाला, "मॅडम, टँकर..." आणि मी त्याला तिथेच तोडलं, "कारणं सांगू नकोस, बस." पुढचे पाच दिवस तो काहीच बोलला नाही, दारात उभा राहायचा, मी मान हलवली की आत यायचा. सहाव्या दिवशी त्याच्या आईने सांगितलं. टँकर पहाटे पाचला येणार म्हणून चारपासून रांग, टँकर येणार कधी सहाला कधी साडेसहाला, घरात आजी आजारी, घागरी भरून तिसऱ्या मजल्यावर न्यायला घरात दुसरं कुणी नाही. डाव्या खांद्यावर घागर, म्हणून डावी बाही ओली.

मी त्याला एक्स्प्लेन म्हणाले आणि त्याचं एक्स्प्लेनेशन एक्स्क्यूज म्हणून ऐकलं. तो माफी मागत नव्हता. मला काही पटवूनही देत नव्हता. तो फक्त काय झालं ते सांगत होता. ओल्या बाहीपर्यंत सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते जोडलं नाही. तेव्हापासून वर्गात हे तीन शब्द शिकवताना मी तीन वेगळे दिवस घेते.

म्हणून लक्षात घे: एक्स्प्लेन करणं म्हणजे मान्य करणं नव्हे. 'आय कॅन एक्स्प्लेन हिज अँगर, बट आय कान्ट जस्टिफाय इट.' त्याचा राग कुठून आला ते मी सांगू शकते, तो योग्य होता असं म्हणू शकत नाही. इतिहासाच्या पेपरात, राज्यशास्त्रात, निबंधात हा फरक जिथे हवा तिथे दाखवता आला की उत्तर एकदम वरच्या पायरीवर जातं.

आता पेपरातले शब्द. मराठी माध्यमात तू दहावीला 'कारणे द्या' आणि 'पुढील विधान सकारण स्पष्ट करा' हे प्रश्न सोडवलेस. तिथे फरक शिकवला होता, आपण तो कधी मनावर घेतला नाही. 'कारणे द्या'ला मुद्दे पुरतात. 'सकारण स्पष्ट करा'ला कारणापासून परिणामापर्यंतची वाट दाखवावी लागते. एक्स्प्लेन म्हणजे ही वाट. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे ती वाट लिहिता येणं टाळता येणार नाही.

आपल्याच भागाचा एक विषय घेऊन तीन शब्द लावून बघू.

'एक्स्प्लेन व्हाय मराठवाडा रिसीव्ह्ज लेस रेन दॅन कोकण.' इथे तुझं मत कुणी विचारलेलं नाही. साखळी हवी. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्री आडवा येतो, वारे वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात, बाष्पाचं पाणी होतं आणि ते कोकणात आणि घाटमाथ्यावर पडतं. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, तिच्यात बाष्प कमी उरलेलं असतं. आपण त्या पर्जन्यछायेत. कोकणात २,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडे साधारण ७०० ते ८००. प्रत्येक कडी पुढच्या कडीला अडकली पाहिजे. 'सह्याद्रीमुळे पाऊस कमी पडतो' एवढंच लिहिलंस तर ते कारण दिलं, एक्स्प्लेन केलं नाही. मुलांचे मार्क नेमके इथे जातात: दोन टोकं लिहितात, मधलं गाळतात. परीक्षक मधल्या कड्यांना मार्क देतो. आणि अशा प्रश्नात 'शासनाने लक्ष दिले पाहिजे' हे वाक्य शेवटी टाकायची सवय मोड. ते कुणी विचारलं नव्हतं.

'शुगरकेन इन मराठवाडा शुड बी ग्रोन ओन्ली ऑन ड्रिप. जस्टिफाय.' इथे बाजू ठरलेली आहे, ती तुला लढवायची आहे. जस्टिफायच्या मुळात 'जस्ट' म्हणजे न्याय्य. न्याय्य ठरवून दाखव. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ रानात उभा राहतो, पाटाने दिलेलं पाणी मुळांपेक्षा सरीतच जास्त जिरतं आणि उडून जातं, ठिबकने तेच पाणी मुळाशी जातं, वाचलेलं पाणी पिण्याला किंवा दुसऱ्या पिकाला मिळतं. इथे प्रत्येक मुद्द्याने 'म्हणून हे योग्य' कडे झुकलं पाहिजे. (डीटीपीचं काम करणारी मुलं हा शब्द वेगळ्या अर्थी रोज वापरतात. मजकूर जस्टिफाय करा म्हणजे दोन्ही कडा सरळ रेषेत आणा. तेही सरळ करणंच आहे.)

'डिस्कस शुगरकेन कल्टिव्हेशन इन मराठवाडा.' डिस्कसच्या मुळाशी हलवून, झटकून सुटं करणं आहे. मला सुपातलं धान्य पाखडणं आठवतं. इथे दाणा आणि फोलपट दोन्ही दिसायला हवेत. पाण्याचा मुद्दा एकीकडे. दुसरीकडे शेतकऱ्याची बाजू: उसाला एफआरपीचा, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे, कारखाना उचलतो, अवकाळीत सोयाबीन किंवा हरभऱ्यासारखा तो लगेच हातचा जात नाही, तूर-कापसाला हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो मिळेलच याची खात्री नसते. हे न लिहिता नुसतं पाण्यावर लिहिलंस तर ते जस्टिफाय झालं, डिस्कस नाही. शेवटी तुझं मत आलं तर चालतं, पण दोन्ही बाजू पाखडून झाल्यावर.

उरलेले शब्द पटकन. 'अकाउंट फॉर' म्हणजे एक्स्प्लेनच, पण झालेल्या गोष्टीच्या कारणांचा पूर्ण हिशेब. त्याचा दुसरा अर्थ 'एकूणात इतका वाटा असणं', तक्त्यावरच्या प्रश्नात तो येतो. 'एल्युसिडेट'च्या मुळात उजेड आहे, एक्स्प्लेनमध्ये एखादं उदाहरण घातलं की झालं. 'आर्ग्यू' म्हणजे भांडण समजू नकोस. लेखी इंग्रजीत तो पुराव्यासह मुद्दा मांडणं आहे.

स्पेलिंगचा एक खड्डा. क्रियापदात 'एल'नंतर 'ए-आय-एन' आहे, पण नामात 'आय' गळतो: ई-एक्स-पी-एल-ए-एन-ए-टी-आय-ओ-एन. पेपरात दर दहातली काही मुलं तो 'आय' ठेवतात. उच्चारात क्रियापदाचा जोर 'प्लेन'वर, नामाचा जोर 'ने'वर: एक्स्प्ल-ने-शन. जोर सरकला म्हणून मधला स्वर हलका झाला, आणि 'आय' नसल्याचं त्यावरून आठवतं.

आता तुझी वाक्यं.

पहिलं, 'एक्स्प्लेन मी द रीजन ऑफ युअर लेट कमिंग.' बरोबर रूप: 'एक्स्प्लेन टू मी व्हाय यू आर लेट.' 'व्हाय'मध्ये रीजन आलंच, वेगळं लिहायला नको. आणि समोर मैत्रीण असेल तर 'टेल मी व्हाय यू आर लेट' जास्त बरं वाटेल. एक्स्प्लेन तिथे जाब विचारल्यासारखा लागतो.

दुसरं, 'द टीचर एक्स्प्लेन्ड अबाउट द रूल.' 'अबाउट' काढ, बाकी ठीक.

तिसरं, 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द फॉर्म बाय द क्लार्क.' सरळ लिही: 'द क्लार्क एक्स्प्लेन्ड द फॉर्म टू मी.' कर्मणीची इथे गरजच नाही.

चौथं, 'द ड्रॉट इज एक्स्प्लेनिंग द मायग्रेशन ऑफ केन कटर्स फ्रॉम बीड.' चारांत हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे, कारण तू विचार करून लिहिलंस. व्याकरण आधी: 'एक्स्प्लेन्स'. पण मी तुला आणखी एक शब्द घालायला सांगते: 'पार्टली'. 'द ड्रॉट पार्टली एक्स्प्लेन्स द मायग्रेशन.' पाऊस बरा झाला त्या वर्षीही बीडमधून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या आसपास ट्रकमध्ये संसार भरून कारखान्याच्या रानात जातात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. जमीन थोडी, कोरडवाहू, रब्बीला पाणी नाही, गावात हाताला काम नाही. दुष्काळ या साखळीतली एक कडी आहे, अख्खी साखळी नाही. तेव्हा हे वाक्य 'पार्टली' घालून पुन्हा लिही, आणि त्याखाली उरलेल्या कड्या एकेका वाक्यात, दर वेळी 'व्हाय' किंवा 'हाऊ' वापरून. आठ-दहा वाक्यं होतील. ती झाली की पाठव, मी तपासून देते.